विल्फच्या बरगड्या

१

"विल्फच्या बरगड्या गेल्या गं!"

मार्जरी फ्लेचर एवढंच म्हणाली आणि थॉर्नबेकच्या चर्चच्या हॉलमध्ये चहाचे कप जिथल्या तिथे थांबले. परक्या कुणी ऐकलं असतं तर तो थेट पोलिसांकडे पळाला असता. पण गुरुवारच्या कागदकाम मंडळात या बरगड्या सगळ्यांच्या ओळखीच्या होत्या. डॉरीन ऑल्सॉपनं हातातलं बिस्किट बशीत ठेवलं आणि ती उठून मार्जरीच्या खुर्चीपाशी गेली.

विल्फ म्हणजे मार्जरीचा नवरा. जातिवंत पाट्या रंगवणारा. तीस वर्षांपूर्वी 'पाकोळी' नावाच्या पबची पाटी रंगवताना शिडीवरून कोसळला आणि तीन बरगड्या मोडून बसला. बरगड्यांचा एक्स-रे काढला, तो घरी आणला, आणि बरा झाल्यावर या पठ्ठ्यानं काय दाखवलं बायकोला? त्याच काळ्या फिल्ममधून नाजूक सुरीनं कापलेली स्टेन्सिल. पंख पसरलेली, दुभंगलेल्या शेपटीची उडती पाकोळी. कागदावर ठेवून रंगाचा स्पंज फिरवला की खाली पक्षी उमटायचा. आणि उजेडाला धरली की पक्ष्याच्या भोवती विल्फच्या बरगड्या दिसायच्या, तिन्ही भेगांसकट.

विल्फला जाऊन बारा वर्षं झाली होती. मार्जरी दर गुरुवारी आधी स्टेन्सिल खिडकीशी धरायची, "काय रे, बरा आहेस ना?" असं विचारायची आणि मग कामाला लागायची. मंडळातल्या कुणालाही ती वापरायला द्यायची, पण तिचे नियम कडक होते. रंग पातळ हवा, धुवायची ती थंड पाण्यानं, आणि जाड पेस्ट तर बिलकूल नाही. ही पेस्ट लोण्यासारखी घट्ट असते. स्टेन्सिलवरून सुरीनं फासली की कागदावर उंच, हाताला लागणारी नक्षी उठते, पण वाळली की दगड होते. "माझ्या विल्फला लिंपायचं नाही," मार्जरी म्हणायची. तीस वर्षांत कुणी तो नियम मोडला नव्हता.

आता स्टेन्सिल ठेवायच्या पाकिटातून निघाली होती ती दुकानातली पांढऱ्या प्लास्टिकची स्टेन्सिल. तीही पाकोळीच, पण फॅक्टरीतली, गुबगुबीत.

"परवा, शनिवारी दुपारी लिंडा न्यायला येतेय मला," मार्जरी म्हणाली. नजरेचा मधला भाग अंधारत चालला होता म्हणून या मुलीकडे स्कॉटलंडला कायमची निघाली होती बिचारी. "पलंग राहू दे, कपबशा राहू देत. पण त्याला इथे टाकून मी कशी जाऊ? अजून दिसतंय थोडं, तोवर बघायचाय मला तो."

"कुणीही हॉलबाहेर जायचं नाही! पिशव्या टेबलावर ठेवा!" ग्लेनिस हॅलमनं फर्मान सोडलं. ग्लेनिस म्हणजे मंडळाची चालक. चौदा वर्षं तिनं सगळ्यांना एकच मंत्र घोकून घेतला होता, 'स्टेन्सिल आधी धुवा, चहा मग प्या.'

पिशव्यांत काही सापडलं नाही. मार्जरीनं डॉरीनची बाही घट्ट पकडली. "डॉरीन, तू शोध. एकेचाळीस वर्षं ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवलंस. कुणाच्या कोटावर कुठला डाग कुठून आला हे तुला नवरा-बायकोच्या आधी कळायचं."

"डाग बोलतो गं. माणसं बोलत नाहीत," डॉरीन म्हणाली. पण तिनं ती प्लास्टिकची स्टेन्सिल उचललीच. बोटांनी कडा चाचपल्या आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

दोन बाजू कात्रीनं कापून, पाकिटात चपखल बसेल अशी बेतलेली होती ती.

२

चोर पाकीट रिकामं करून पळतो. मापाची वस्तू कापून पाकिटात ठेवत बसतो तो कसला चोर? त्याला मुदत हवी असते. आज कळू नये, एवढीच त्याची धडपड. डॉरीनच्या मनात हे पक्कं बसलं.

पाकीट ठेवायच्या कपाटाची किल्ली चहाच्या बंबामागे खिळ्याला लटकायची आणि हे गुपित थॉर्नबेकच्या मांजरांनाही ठाऊक होतं. गेल्या गुरुवारी मार्जरीनं स्वतः स्टेन्सिल पाकिटात घालून आत ठेवली होती. म्हणजे एक आठवडा आणि तीन माणसं. ग्लेनिस, बेरिल टॅटर्सॉल आणि मंडळातला एकुलता एक पुरुष, निवृत्त बसचालक क्लाइव्ह ऑट्वे. बाकीच्या बायका सुट्टीवर गेल्या होत्या.

डॉरीननं आधी बेरिलला गाठलं. बेरिलची कार्डं दरवर्षी जत्रेत बक्षीस घ्यायची आणि ती ते कुणाला विसरू द्यायची नाही.

"तू ती स्टेन्सिल विकत मागितली होतीस ना गं?"

"मागितली होती. एकदा नाही, तीनदा. मग? मागणं म्हणजे चोरणं का?" बेरिल फणकारली. "तुझ्या पाकोळ्या बटाट्यासारख्या येतात, तुला काय कळणार तिची किंमत!"

"बटाटे तर बटाटे. तुझी रद्दी वही दाखव."

आता ही रद्दी वही म्हणजे या लोकांचं खास प्रकरण. स्टेन्सिलला रंग चिकटून राहतो तो हे लोक मोरीत सोडत नाहीत. धुण्याआधी स्टेन्सिल उलटी करायची, वहीच्या पानावर दाबायची आणि उरलासुरला रंग तिथे उतरवायचा. उलटा ठसा उमटतो. तो पुढे कुठल्या तरी चित्राची पार्श्वभूमी होतो. दूध उतू गेलं तर या बायका हसतील, पण रंगाचा थेंब वाया गेला तर त्यांना झोप लागणार नाही.

बेरिलनं पिशवी छातीशी धरली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"वही नाही दाखवणार," ती म्हणाली आणि तरातरा हॉलबाहेर निघून गेली.

तेवढ्यात ग्लेनिस डॉरीनच्या कानाशी आली. "बेरिलचं सोड. शनिवारी हॉल बंद असतो ना? त्या दिवशी झाडलोट करणाऱ्या बाईनं क्लाइव्हला कपाटापाशी बघितलंय. हातात पाकीट होतं."

३

शुक्रवारी सकाळी डॉरीन क्लाइव्हच्या मागच्या अंगणातल्या लाकडी खोलीत उभी होती. क्लाइव्हनं तिला पाहिलं आणि घाईघाईनं काहीतरी पोत्याखाली सारलं.

"अरे, पासष्ट वर्षांचा घोडा झालास आणि लपवाछपवी करतोस? काढ ते."

"आरडू नकोस, बाई. शेजारी ऐकतील." क्लाइव्हनं पोतं बाजूला केलं. खाली अक्रोडाच्या लाकडाची पेटी होती. चपटी, पितळी कडीची, आत हिरवी मखमल. "मार्जरीसाठी केली. पाकोळी प्रवासात दुमडायला नको म्हणून. शनिवारी पाकिटाचं माप घ्यायला गेलो होतो. तिला आधी कळलं असतं तर मजा गेली असती ना!"

डॉरीनला त्याचा गालगुच्चा घ्यावासा वाटला, पण तिनं आवाज कडकच ठेवला. "पाकीट उघडलंस?"

"छे. दुसऱ्याचं पाकीट मी उघडत नाही. पण..." त्यानं डोकं खाजवलं. "आता तू विचारतेस म्हणून सांगतो. एक्स-रेची फिल्म हलवली की डबडब आवाज करते. मार्जरी पाकीट आणायची तेव्हा कायम यायचा तो. शनिवारी मी पाकीट काढलं, परत ठेवलं, आवाज काही आला नाही. मला वाटलं, माझ्याच कानाचं यंत्र बिघडलं."

म्हणजे शनिवारच्या आधीच अदलाबदल झाली होती. शुक्रवारी हॉलमध्ये लग्नाची मेजवानी होती, आत शिरायला जागा नव्हती. राहिला गुरुवार. त्या दिवशी कोण मागे थांबलं होतं? डॉरीन स्वतः मार्जरीला हात धरून घरी सोडायला गेली होती, क्लाइव्हनं पावणेबाराची बस पकडली होती. कप विसळायला थांबल्या होत्या दोघी, बेरिल आणि ग्लेनिस.

"बेरिलच," क्लाइव्ह हळूच म्हणाला. "वाईट वाटतं, पण तीच."

४

बेरिलनं दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजले होते. तिनं रद्दी वही डॉरीनच्या हातात कोंबली.

पहिल्या काही पानांवर विल्फच्या पाकोळीचे उलटे ठसे होते. निळे, गुलाबी, सगळे सपाट. असे ठसे सगळ्यांच्याच वह्यांत होते, डॉरीनच्याही. त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. पण पुढे पान उलटलं तशी डॉरीन बघतच राहिली. पेन्सिलनं काढलेल्या पाकोळ्या. चाळीस, पन्नास, जास्तच असतील. खोडलेल्या, गिरवलेल्या, पंख आखूड, मान वाकडी.

"वर्षभर काढतेय," बेरिल म्हणाली. "मार्जरी गेल्यावर पाकोळीही जाणार. म्हटलं, हातानं तरी जमावी. नाही जमत गं! जत्रेत पाच वेळा पहिली आलेय मी आणि एक पक्षी जमत नाही. तुम्हा लोकांना दाखवून हसं कोण करून घेईल?"

डॉरीननं तिला जवळ घेतलं. बेरिलनं नाक पुसलं आणि वर आणखी म्हणाली, "तरी तुझ्यापेक्षा बऱ्याच आहेत."

"त्यात काय शंका!"

"आणि ऐक. गुरुवारी मी कप पुसून आधी निघाले. कपाटाला कुलूप ग्लेनिसनं लावलं."

डॉरीन रस्त्यावर आली. ग्लेनिस? जिनं सगळ्यांच्या पिशव्या उपसल्या, जी नियमाबाहेर शिंकतसुद्धा नाही, ती? आणि घेतली असेल तर स्टेन्सिल परत का ठेवली नाही?

५

ग्लेनिसनं चहा केला, केक कापला, आणि मार्जरीच्या नावानं दोनदा उसासे टाकले.

"तुझ्या वहीतली ती फर्नची पानं उतरवून घेऊ का गं?" डॉरीननं विचारलं. "माझी कोबीसारखी येतात."

ग्लेनिसनं वही दिली. नाही कशी म्हणणार? तिची वही मंडळात सगळ्यांना नमुना म्हणून दाखवली जायची. डॉरीननं पानं उलटायला सुरुवात केली. सपाट ठसे होते, पाकोळ्याही होत्या, नेहमीच्याच. शेवटचं भरलेलं पान मात्र काळ्यानिळ्या रंगानं गच्च भरलेलं होतं. त्यावर ना पान ना फूल.

दुकानात डॉरीन गडद कोटांवरचे डाग डोळ्यांनी शोधत नसे. काळ्यावर काळं दिसत नाही. ती बोटं फिरवायची. आताही तिनं डोळे मिटले आणि पानावरून बोटं फिरवली.

रंग रंगाला झाकतो, उंचवट्याला नाही. बोटांखाली एक पंख आला. मग दुसरा. मान, चोच, शेपटी. विल्फची पाकोळी डावीकडे बघायची, ही उजवीकडे तोंड केलेली, म्हणजे उलटी दाबलेली, जाड पेस्टमध्ये उठलेली. आणि विल्फच्या पाकोळीवरून तीस वर्षांत कुणी पेस्ट फासलीच नव्हती. शेपटीच्या दोन फाट्यांमध्ये काहीतरी कडक, केसासारखं बारीक रुतलेलं होतं. डॉरीननं नखानं रंग खरवडला. आतून फिल्मची काळी कपची निघाली.

"ग्लेनिस," ती डोळे न उघडता म्हणाली, "कधी मोडली?"

बशी खाली पडली नाही, किंकाळी आली नाही. ग्लेनिस फक्त खुर्चीत बसली आणि तिनं ॲप्रनमध्ये तोंड लपवलं.

"रविवारी."

मग सगळं बाहेर आलं. मंडळातर्फे मार्जरीला निरोपाची वही द्यायची होती. पानं सगळ्यांनी केली होती, मुखपृष्ठ ग्लेनिसकडे होतं. "सहा महिन्यांनी तिला रंग दिसणार नाहीत, डॉरीन. सपाट पाकोळी तिला काय कामाची? मला तिच्या बोटांसाठी पाकोळी हवी होती. विचारलं असतं तर नाही म्हणाली असती. म्हटलं, गुरुवारी न्यायची, लगेच धुवायची, सोमवारी परत ठेवायची. मध्ये कुणी पाकीट चाचपलं तर असावी म्हणून ती प्लास्टिकची घातली. मुखपृष्ठ सुरेख उठलं. उरलेली पेस्ट वाया कशी घालवू? सवयीनं वहीवर दाबली. आणि फोन वाजला."

"कुणाचा?"

"बहिणीचा. तिच्या मांजराचं ऑपरेशन. सव्वादोन तास!" ग्लेनिस हुंदके द्यायला लागली. "स्टेन्सिल वहीला चिकटून दगड झाली होती. ओढली तर शेपटीतली पट्टी तुटून तिथेच राहिली. मी, मी, जी तुम्हाला चौदा वर्षं सांगत आलेय..."

"पट्टी जोडता येते. नुसतं तेवढंच असतं तर तू सांगितलं असतंस. पुढे काय केलंस?"

ग्लेनिसनं ड्रॉवर उघडला आणि एक फिल्म काढून टेबलावर ठेवली. फिल्म स्वच्छ होती, काचेसारखी पारदर्शक.

"पेस्ट निघेना म्हणून गरम पाण्यात भिजवली. थोडं ब्लीच घातलं. अर्ध्या तासानं बघते तर बरगड्या नाहीत. पाणी काळं झालं होतं. मी ते ओतूनसुद्धा दिलं नाही, डॉरीन. बादली तशीच ठेवलीय."

डॉरीनला तिची दया आली आणि संतापही आला. तिनं संताप आधी काढला. "म्हणून काल तिच्यासमोर आमच्या पिशव्या उपसल्यास? क्लाइव्हच्या चुगल्या केल्यास? आणि ती प्लास्टिकची आत तशीच राहू दिलीस, ती का? तिला दिसत नाही, कळणार नाही म्हणून?"

ग्लेनिसनं केकची बशी बाजूला सारली. मग मान हलवली. "हो," ती म्हणाली. "असंच वाटलं मला. त्याचीच लाज वाटते गं. मोडल्याची एवढी नाही वाटत."

"मग उद्या हे तुझ्या तोंडानं सांग. मी सोबत येईन, पण बोलायचं तू."

६

शनिवारी साडेबाराला लिंडाची गाडी दाराशी लागली. मार्जरी रिकाम्या बैठकीत कोट घालून बसली होती. क्लाइव्हची पेटी तिच्या मांडीवर होती, आत नुसती मखमल. बेरिल खिडकीशी पाठ करून उभी होती.

ग्लेनिस बोलली. काही लपवलं नाही. मांजर, बादली, प्लास्टिक, पिशव्या, सगळं सांगितलं, आणि पारदर्शक फिल्म मार्जरीच्या हातात दिली.

मार्जरीनं ती खिडकीशी धरली. इकडून बघितली, तिकडून बघितली, डोळ्यांच्या कडेनं बघितली. मग खाली ठेवली.

"गेला," ती म्हणाली.

ग्लेनिस रडायला लागली तशी मार्जरी कडाडली. "रडू नकोस! रडायचं असेल तर मी रडेन. दोन दिवस मी माझंच घर उपसतेय, मला वाटलं माझं डोकंच फिरलं, मीच कुठे ठेवून विसरले. सांगायचं होतंस, मूर्ख बाई!"

डॉरीननं ग्लेनिसच्या पिशवीतून निरोपाची वही ओढून काढली आणि मार्जरीच्या मांडीवर ठेवली. "शिव्या घाल तिला, हक्क आहे तुझा. पण हात लावून बघ एकदा. यापायी झालं सगळं."

मार्जरीनं हात लावला तो रागानंच. जाड कापडी मुखपृष्ठावर पांढरी पाकोळी उठली होती, अजून शेपटीही न मोडलेली. तिची बोटं चोचीवरून मानेवर गेली, मानेवरून पंखाच्या कडेला आली आणि थांबली. मागे गेली. परत त्याच कडेनं हळूहळू पुढे आली.

"ही कड सरळ नाही," ती म्हणाली.

"पेस्ट नीट बसली नसेल," ग्लेनिस घाबरून म्हणाली. "चूक माझीच..."

"गप्प बस जरा." मार्जरीचं बोट एक इंच सरकलं. "पायऱ्या आहेत इथे. बारीक बारीक. रंगात कधी कळल्या नाहीत मला." ती आणखी थोडं पुढे गेली. "अगं, तो अंथरुणात कापायचा ही. बरगड्या बांधलेल्या. श्वास घेतला की कळ यायची, म्हणून श्वास रोखून थोडं कापायचा, मग सुरी उचलायचा, श्वास सोडायचा, परत टेकवायचा. मी खालून ओरडायचे, झोप की रे मेल्या, कशाला करवतोयस. मला काय ठाऊक माझ्यासाठीच करत होता ते."

बाहेरून लिंडानं हाक मारली. डॉरीननं दारातून हातानं तिला थांब म्हटलं.

मार्जरीचं बोट पंखाच्या टोकापर्यंत पोचलं. तिथे एक पायरी बाकीच्यांपेक्षा मोठी होती. तिथे ती जराशी हसली. "इथे खोकला आलाय त्याला," ती म्हणाली.

मग तिनं डोळे मिटले, ग्लेनिसचा हात धरून स्वतःच्या हाताखाली घेतला आणि बोट परत मानेपाशी नेलं.

"बरगड्यांचं मी तुला माफ केलेलं नाही. स्कॉटलंडला यायचंस, तिथे येऊन माझी बोलणी खायचीस. आता मोज माझ्याबरोबर, माझा आकडा चुकतो."

"एक," ग्लेनिस म्हणाली.

"हळू," मार्जरी म्हणाली. "श्वास घेऊ दे त्याला."